सॅम्पल किती, आणि धोका कोणाचा?



काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका कीमनच्या हाती एसएफ-११ पडली. आरोप असा की, त्याच्या बीटमध्ये रुळावरच्या पँड्रोल क्लिपा ढिल्या आढळल्या, सबब त्याने गस्तीच्या कामात हयगय केली. माणूस वीस वर्षे नोकरी झालेला, एक खाडा नाही. कागद घेऊन युनियन ऑफिसात आला आणि म्हणाला, “भाऊ, निघालेली क्लिप मी रोज ठोकून बसवतो. पण नवी क्लिपच धरत नसेल तर मी काय रूळ दातांनी धरू?”

टपाल खात्यातील बंधूंसाठी थोडे सांगतो. क्लिप म्हणजे वाकवलेला स्प्रिंग पोलादाचा तुकडा. सिमेंटच्या स्लीपरवर रूळ दाबून धरणे एवढेच तिचे काम. एका स्लीपरला चार क्लिपा. मुख्य मार्गावर किलोमीटरला १६६० स्लीपर, म्हणजे ६६४० क्लिपा. मार्क-तीन जातीच्या नव्या क्लिपेचा पंजा रुळाच्या पायावर ८५० ते ११०० किलोच्या दाबाने बसला पाहिजे. दाब कमी पडला की क्लिप हलते, रूळ सरकतो, आणि कागद कीमनला येतो.

त्याच मालातल्या न वापरलेल्या वीस क्लिपा गँगच्या टूल बॉक्समध्ये शिल्लक होत्या. आम्ही हट्ट धरून त्या यंत्रावर मोजून घेतल्या. तीन क्लिपा ८५० च्या खाली निघाल्या. मग डेपोची नोंदवही मागितली. त्यात लिहिले होते : लॉट ३०००, नमुना ५, ठीक, लॉट पास.

बैठकीत हा मुद्दा आम्ही मोठ्या आवाजात मांडला. प्रशासनाचे उत्तर आले की, संघटनेने तपासलेल्या वीस क्लिपा हा नमुना अपुरा असून त्यावरून संपूर्ण लॉटविषयी निष्कर्ष काढता येत नाही. आम्ही हसलो. पाचावर तीन हजार पास करणारे आम्हाला सांगत होते की वीस कमी पडतात! पण बाहेर आल्यावर चहा पिताना आमच्यातल्या एका तरुण साथीने विचारले, “मग सॅम्पल किती पाहिजे होते?” तेव्हा आम्हा चार जुन्या कार्यकर्त्यांपैकी एकालाही उत्तर देता आले नाही. मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस. त्या दिवसापासून हा विषय सोडला नाही. जे समजले ते आज आपल्यापुढे ठेवतो, कारण असा कागद उद्या आपल्यापैकी कोणाच्याही हाती येऊ शकतो.

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा म्हणतात. ही म्हण खोटी नाही, पण ती का खरी ठरते हे पाहिले पाहिजे. घरचा भात चार माणसांचा असो की लग्नातला चारशे माणसांचा, आचारी चमच्यावर चार-सहा शितेच घेतो. मोठ्या पातेल्यासाठी शंभरपट शिते कोणी दाबून बघत नाही. तरीही परीक्षा बरोबर येते, कारण पातेल्यातला तांदूळ एका पोत्यातला, पाणी एक, आच एक आणि भात ढवळलेला. खालून करपला असेल तर वरचे शीत ते सांगणार नाही. म्हणून जाणती बाई पळी तळापर्यंत घालते. नमुना किती घ्यायचा आणि कुठून घ्यायचा, हे दोन्ही प्रश्न या एका पातेल्यात आहेत.

आता आपल्या डेपोंत आणि कारखान्यांत काय चालते? सगळ्यांत जुना रिवाज म्हणजे दहा टक्के. आला माल की दहा टक्के बघा. ऐकायला न्यायाचे वाटते, मीही वर्षानुवर्षे तेच योग्य समजत होतो. हिशेब करून बघा. समजा एका पुरवठादाराच्या मालात शंभरात पाच नग खराब आहेत, आणि नमुन्यात एकही खराब निघाला नाही तर लॉट पास करायचा. लॉट वीस नगांचा असेल तर त्यात एक खराब. दहा टक्के म्हणजे दोन नग उचलले. तो एक खराब नग त्या दोघांत नसण्याची शक्यता शंभरात नव्वद. म्हणजे दहापैकी नऊ वेळा लॉट पास. आता तोच माल शंभराच्या लॉटमध्ये आला. दहा नग तपासले, तर तो पास होण्याची शक्यता शंभरात अठ्ठावन्न. तोच माल हजाराच्या लॉटमध्ये आला आणि शंभर नग तपासले, तर पास होण्याची शक्यता शंभरात एकसुद्धा नाही. माल तोच, खराबी तीच, दहा टक्क्यांचा नियम तोच. एकीकडे चाळण इतकी मोठी की सगळे निसटते, दुसरीकडे इतकी बारीक की काहीच जात नाही. पुरवठादार हुशार असेल तर तो माल लहान लहान लॉट पाडून आणील, आणि दहा टक्के तपासणारा प्रामाणिक इन्स्पेक्टर सह्या करत राहील.

उलट बाजूने बघा. नमुना पन्नासचा पक्का ठरवला. मालात शंभरात दोन खराब आहेत. लॉट हजाराचा असेल तर पन्नासात एकही खराब न निघण्याची शक्यता शंभरात पस्तीस-छत्तीस. लॉट एक लाखाचा असेल तरी ती छत्तीसच. म्हणजे आपल्याला मिळणारे संरक्षण नमुन्यात एकूण किती नग आहेत यावर ठरते, लॉटचा तो कितवा हिस्सा आहे यावर जवळजवळ नाही. पातेले मोठे झाले म्हणून शिते वाढत नाहीत ती याच कारणाने. लॅबमधून निवृत्त झालेल्या एका साथीने मला हे कागदावर मांडून दाखवले, तेव्हा पहिल्यांदा माझा विश्वास बसला नाही. “सेक्रेटरी, टक्का विसरा, आकडा विचारा,” असे ते म्हणाले.

मग आमच्या पाच क्लिपांचे काय? लॉटमध्ये शंभरात पंधरा क्लिपा खराब असत्या, म्हणजे वीसात तीन हे प्रमाण खरे धरले, तरी पाचही चांगल्या निघण्याची शक्यता शंभरात चव्वेचाळीस. इतका वाईट लॉट पाचाच्या चाळणीतून जवळजवळ दर दुसऱ्या वेळी निसटतो. रुपया उडवून पास-नापास ठरवले असते तरी फार फरक पडला नसता.

आणि आमच्या वीसांचे? इथे एक गोष्ट आहे जी बैठकीत आम्हाला माहीत असायला हवी होती. लॉट जर खरोखर चांगला असता, समजा शंभरात एकच क्लिप खराब, तर नीट उचललेल्या वीसात तीन किंवा जास्त खराब निघण्याची शक्यता हजारात एक. लहान नमुना माल चांगला आहे असे सिद्ध करू शकत नाही, पण माल वाईट आहे हे तो पुष्कळदा ठामपणे सांगून जातो. पाच चांगल्या निघाल्या याचा अर्थ फारसा काही नाही. वीसात तीन वाईट निघाल्या याचा अर्थ बराच आहे. प्रशासनाने दोन्ही गोष्टी उलट्या धरल्या.

तरी प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की आमच्या वीस क्लिपा नीट उचललेल्या नव्हत्या. त्या टूल बॉक्समध्ये उरलेल्या होत्या. कदाचित गँगच्या माणसांनी हाताला बऱ्या लागलेल्या क्लिपा आधी वापरल्या असतील आणि नकोशा उरल्या असतील. ही शंका कोणी काढली असती तर ती रास्त होती. तिचे उत्तर एकच होते : लॉटमधून पुन्हा नमुना काढा, आमच्या समोर. ते आम्ही त्या वेळी मागितले नाही, ही आमची चूक.

हे शास्त्र आले कुठून, तेही थोडक्यात बघू. अमेरिकेत शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न कारखाना होता. टेलिफोनचे सामान तिथे बने. १९२० च्या दशकात तिथे सुमारे चाळीस हजार कामगार होते आणि त्यांतले पाच हजारांच्या आसपास फक्त तपासणी खात्यात. एवढा खर्च मालकाला परवडेना. त्याच कंपनीच्या गोतावळ्यातल्या बेल प्रयोगशाळेत वॉल्टर शूहार्ट, हॅरोल्ड डॉज आणि हॅरी रोमिग यांनी सगळे नग न तपासता मालाची खात्री कशी करावी याचे गणित मांडले. डॉज आणि रोमिग यांचा नमुना-तपासणीवरचा लेख १९२९ साली प्रसिद्ध झाला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराला युद्धसामग्री अफाट प्रमाणात खरेदी करायची होती, तेव्हा ही कोष्टके सर्रास वापरात आली आणि पुढे मिल-स्टँडर्ड १०५ या नावाने जगभर गेली. ते अमेरिकी लष्करी मानक १९९५ साली रद्द झाले, पण त्याचीच कोष्टके आयएसओ २८५९ मध्ये आणि आपल्या भारतीय मानकात, आयएस २५०० मध्ये, आजही आहेत. शूहार्ट स्वतः १९४७-४८ मध्ये प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून भारतात आले होते. म्हणजे हे ज्ञान आपल्या देशात नवीन नाही. स्वातंत्र्याच्या वयाचे आहे. डेपोच्या नोंदवहीपर्यंत तेवढे पोचलेले नाही.

त्या कोष्टकात बघायचे कसे? लॉट किती नगांचा आहे आणि किती टक्के खराबी चालवून घ्यायची हे ठरले की कोष्टक दोन आकडे देते : नमुना किती, आणि त्यात जास्तीत जास्त किती खराब चालतील. नेहमीच्या पातळीवर ५०१ ते १२०० च्या लॉटला नमुना ८०. १२०१ ते ३२०० च्या लॉटला १२५. ३२०१ ते १०,००० ला २००. लॉट दहापट झाला तरी नमुना दहापट होत नाही, हे इथेही दिसते. वेळखाऊ किंवा नग मोडणाऱ्या चाचण्यांसाठी लहान नमुन्याच्या विशेष पातळ्याही आहेत. आमच्या तीन हजारांच्या लॉटला त्यांपैकी एका पातळीवर ३२ आणि त्याहून खालच्या पातळीवर १३ नग लागले असते. तेराच्या नमुन्यातूनही पंधरा टक्के खराब माल शंभरात बाराच वेळा निसटला असता. पाच हा आकडा कोणत्या पातळीतून आला, हे आम्ही तीनदा लेखी विचारले. “प्रचलित पद्धतीनुसार” एवढेच उत्तर मिळाले.

पण बंधूंनो, कोष्टक म्हणजे देवाचा शब्द नव्हे. ८० चा नमुना आणि एक टक्का खराबी चालवून घेणारी योजना घ्या. तीत दोन खराब निघाले तरी लॉट पास होतो. एक टक्का खराब माल या योजनेत शंभरात पंच्याण्णव वेळा पास होतो. आणि पाच टक्के खराब माल? तोही शंभरात बावीस-तेवीस वेळा पास होतो. हे कोणी लबाडी केली म्हणून नाही. नियम पाळून, प्रामाणिकपणे, पास होतो. त्या क्लिपा लाइनवर गेल्या तर किलोमीटरला तीनशे बत्तीस क्लिपा कमी दाबाच्या. माल अगदी कबूल केल्याप्रमाणे एक टक्का खराब असला तरी किलोमीटरला सहासष्ट. कार्यालयात बसून “एक टक्का” म्हणणे सोपे असते. पाठीवर पाना-हातोडा घेऊन सहासष्ट वेळा वाकणे वेगळे.

डॉज आणि रोमिग यांच्या काळापासून या दोन चुकांना नावे आहेत. चांगला लॉट नापास होणे हा उत्पादकाचा धोका आणि वाईट लॉट पास होणे हा ग्राहकाचा धोका. रिवाज असा पडला की उत्पादकाचा धोका शंभरात पाच धरायचा आणि ग्राहकाचा शंभरात दहा. हा काही निसर्गाचा नियम नाही. नमुना वाढवला की दोन्ही धोके कमी करता येतात, फक्त तपासणीचा खर्च वाढतो. म्हणजे नमुन्याचा आकडा ठरवणे ही शेवटी वाटणी आहे : खर्च कोणी सोसायचा, धोका कोणी सोसायचा. या वाटणीच्या वेळी उत्पादक हजर असतो, खरेदी खाते हजर असते. पण कागदावरचा “ग्राहक” म्हणजे खरेदी खाते. क्लिप ज्याच्या बीटमध्ये जाते तो कीमन त्या खोलीत नसतो, आणि गाडीतला प्रवासीही नसतो. त्यांना शेवटी फक्त धोका मिळतो.

उत्पादकाच्या धोक्याकडेही आपण तुच्छतेने पाहू नये. क्लिप करणाऱ्या कारखान्यातही आपल्यासारखेच कामगार आहेत, बरेचसे कंत्राटी. चांगला लॉट उगाच नापास झाला की मालक तोटा कोणाच्या अंगावर ढकलतो हे सांगायला नको.

आता एक कबुली. त्या बैठकीनंतर आमच्या शाखेने ठराव केला होता : “सर्व सुरक्षा-साहित्याची शंभर टक्के तपासणी झालीच पाहिजे.” मसुदा मीच लिहिला होता, टाळ्याही पडल्या होत्या. आज तो ठराव मी तसा लिहिणार नाही. जिथे यंत्र प्रत्येक नग न मोडता तपासू शकते तिथे शंभर टक्के तपासणी झालीच पाहिजे, आणि होतेही. भिलाईच्या कारखान्यात रूळ अल्ट्रासॉनिक तपासणीतून जातो. गाड्यांच्या आसांची तशीच तपासणी होते. पण जी चाचणी नग मोडूनच होते, तिथे शंभर टक्के म्हणजे माल शिल्लकच नाही. आणि जिथे डोळ्यांनी बघायचे आहे, तिथे तीन हजार नग एका माणसाला दिवसभरात बघायला लावले तर दुपारनंतर त्याला चांगले-वाईट सारखेच दिसू लागते. मी स्वतः ते काम केले आहे. ऐंशी नग नीट बघितलेले बरे, तीन हजार नुसते डोळ्यांखालून घातलेले नकोत. शिवाय “शंभर टक्के” ही मागणी प्रशासनाला नाकारायला सोपी पडते. “नमुना १२५ घ्या आणि आकडा लिहा” ही नाकारायला कठीण.

एक हिशेब मात्र सर्वांनी पाठ करावा. तीनशे नग तपासले आणि एकही खराब निघाला नाही, तर शंभरात पंच्याण्णव खात्रीने एवढेच म्हणता येते की खराबी एक टक्क्याहून कमी आहे. हजारात एकाहून कमी आहे असे म्हणायचे असेल तर तीन हजार तपासून एकही खराब निघता कामा नये. लाखात एक नग तुटला तरी माणूस मरेल अशी वस्तू असेल, तर नमुन्याने तिची खात्री कधीच होणार नाही. ती खात्री भट्टीपाशी, साच्यापाशी, काम चालू असतानाच करावी लागते. शूहार्टचे मुख्य सांगणे हेच होते.

आता नमुना कोणी उचलला, याकडे येतो. मी नोकरीला लागलो तो स्टोअर डेपोत खलाशी म्हणून. माल आला की आम्ही गोण्यांची थप्पी लावायचो. तपासणीच्या दिवशी पुरवठादाराचा माणूस आधी येऊन चहा पाजायचा आणि सांगायचा, “ह्या चार गोण्या पुढे घ्या रे, साहेबांना वाकायला नको.” आम्ही घ्यायचो. साहेब त्या चारांतली एक उघडायचे, वरचे पाच नग उचलायचे. आम्हाला त्यात काही वावगे वाटत नव्हते. साहेबही पैसे खात होते असे नाही. उन्हाचे कोण थप्पी उपसणार? आज समजते की ते पाच नग म्हणजे एकच नग पाच वेळा बघणे होते. क्लिपेचेच घ्या. तिचे पोलाद तापवून तेलात विझवतात आणि पुन्हा ठराविक उष्णतेवर ठेवतात. एका दिवशी भट्टीची उष्णता चुकली की त्या भट्टीचा सगळा घाणा बिघडतो. तो घाणा तळाच्या गोण्यांत असेल आणि नमुना पुढच्या एका गोणीतला, तर नमुना पाचाचा घ्या की पन्नासाचा, उपयोग शून्य. म्हणून लॉट म्हणजे एका भट्टीचा, एका घाण्याचा माल. आणि नमुना थप्पीच्या सर्व थरांतून, गोण्यांना नंबर घालून, चिठ्ठ्या टाकून काढलेला. चिठ्ठी टाकण्यात कमीपणा नाही. माणसाचा हात आपोआप जवळच्या आणि देखण्या नगाकडे जातो, तो तिकडे जाऊ नये म्हणून चिठ्ठी.

या बाबतीत सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचे काम आपल्यापैकी शेतकरी घरातून आलेल्यांना चटकन समजेल. १९४० च्या दशकात पीक कापणीचे प्रयोग नमुना पद्धतीने कसे करावेत यावर त्यांनी काम केले. शेतात अगदी लहान तुकडा आखून पीक कापले तर उत्पन्न खऱ्याहून जास्त दिसते, हे त्यांनी दाखवले. कारण काठावरची ताटे आत धरायची की बाहेर, हे ठरवताना माणूस ती आत ओढतो. तुकडा जितका लहान तितका काठाचा वाटा मोठा. गावाकडे पैसेवारी ठरते तेव्हा हा फरक म्हणजे सवलत मिळणे आणि न मिळणे. ज्या शेतकऱ्याचे पीक गेले, त्याच्या शेतात लहान तुकड्याने दाणे वाढवून दाखवले तर नुकसान त्याचे.

टपालातील बंधूंना हा सगळा रेल्वेचा विषय वाटत असेल, तर ट्रायल कार्डाची आठवण करा. निरीक्षक चार कार्डे टाकतो. एक उशिरा पोचते. लगेच सॉर्टर किंवा पोस्टमनकडून खुलासा मागवला जातो. आता हिशेब करा. समजा एखाद्या ऑफिसात शंभरात पंच्याण्णव पत्रे वेळेवर पोचतात. इतक्या चांगल्या ऑफिसातही चार कार्डांपैकी निदान एक उशिरा निघण्याची शक्यता शंभरात अठरा-एकोणीस. म्हणजे दर पाच-सहा तपासण्यांत एकदा चांगल्या ऑफिसवर ठपका. चार कार्डांनी ऑफिसची परीक्षा होत नाही, एका माणसाची तर मुळीच नाही. इथे “उत्पादक” म्हणजे आपण, आणि उत्पादकाचा धोका म्हणजे आपली वेतनवाढ. साहित्य तपासताना पाचावर भागते आणि माणूस तपासताना एकावर, हा कोणता न्याय?

विभागीय पीएनएमच्या पुढच्या बैठकीसाठी आम्ही विषय दिला आहे. त्यात शंभर टक्क्यांचा शब्द नाही. मागणी अशी की, डेपोच्या नोंदीत “नमुना ठीक” एवढे न लिहिता लॉट किती, तो कोणत्या घाण्याचा, नमुना किती, कोणत्या पातळीचा, किती खराब निघाले आणि कितीपर्यंत चालणार होते, हे सर्व लिहावे. नमुना चिठ्ठीने काढावा आणि त्या वेळी वापरणाऱ्या खात्याचा एक कर्मचारी हजर असावा. क्लिप असेल तर कीमन किंवा ट्रॅकमेंटेनर. लागोपाठच्या पाचांपैकी दोन लॉट नापास झाले तर कडक तपासणी सुरू करावी, असे कोष्टकातच लिहिले आहे, ते पाळावे. आणि साहित्य ढिले निघाल्याबद्दल कोणाला कागद द्यायचा असेल, तर त्या कागदासोबत त्या लॉटच्या तपासणीची नोंद जोडावी. शाखांनी आपापल्या ठिकाणी, मग ते इटारसी असो, सिकंदराबाद असो की वडोदरा, आधी नोंदवहीच मागावी. बऱ्याच ठिकाणी तिच्यात नमुन्याचा आकडाच सापडणार नाही असा माझा अंदाज आहे. तसे असेल तर तेच लेखी घ्यावे.

त्या कीमनची सहा महिने रोखलेली वेतनवाढ अपिलात सुटली, पण ताकीद राहिली. ती त्याच्या सर्व्हिस रेकॉर्डवर आजही आहे. ती काढून टाकावी असा अर्ज आम्ही या महिन्यात पुन्हा केला आहे आणि या वेळी त्याला डेपोच्या नोंदवहीतल्या त्या पानाची प्रत जोडली आहे : लॉट ३०००, नमुना ५, ठीक.